हिरवा बोर्ड व इतर चीजवस्तू यांच्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्ती, हल्ली यजमानांची शुश्रूषा, माझ्या राहत्या घरी पुढच्या खोलीतल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. माझ्या मागे उभं राहून कोणी सांगत नाही, गोड बोलून कोणी लिहवून घेत नाही. डोकं जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. असा दाखला नसला तर माणसाची काय गत होऊ शकते हे या घराने पाहिलं आहे, म्हणून तो मी कोणी मागण्याआधीच घेऊन ठेवला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. घर.
राहते घर माझे नाही, त्यामुळे ते मी कोणाला देऊ शकत नाही. ते सासऱ्यांनी बांधलं आणि यजमान व त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद, या दोघांच्या नावे ठेवलं. मी इथे सून म्हणून आले आणि अंगणातल्या खोलीत दुकान थाटलं, एवढाच माझा संबंध. तरीही एक लिहून ठेवते. माझ्या पश्चात यजमानांनी कुठे राहायचं हे यजमान ठरवतील. त्यांना विचारल्याशिवाय या घरातली खुर्चीसुद्धा कोणी हलवू नये.

कलम २. बँकेतली ठेव व दागिने.
हे सर्व माझ्या लेकीला. ती लांब असते, पण तिचा फोन कधी चुकला नाही. बांगड्या मोडून काही घ्यायचं असेल तर खुशाल घ्यावं, माझी आठवण म्हणून पेटीत कुजवू नयेत.

कलम ३. हिरवा बोर्ड.
या कलमाला जागा जास्त लागेल. वकीलसाहेब म्हणाले, "कारणं लिहायची गरज नसते हो." मला आहे.

यजमान आणि मी एकाच कारखान्यात होतो. तिथे घरगुती संगणक बनायचे. कीबोर्डच्या पोटातच सगळं यंत्र, घरच्या टीव्हीला वायर जोडायची, बटण दाबलं की लगेच कर्सर लुकलुकायला लागायचा आणि आपण लिहू तो प्रोग्राम ते यंत्र चालवायचं. मी बाकावर बसून बोर्डांना, म्हणजे यंत्राच्या आतल्या चिपांच्या पाट्यांना, सोल्डरचे डाग द्यायची. यजमान ते तयार बोर्ड तपासायचे प्रोग्राम लिहायचे. माझ्या हातचा बोर्ड नापास झाला की हे स्वतः घेऊन यायचे आणि म्हणायचे, "चूक माझ्या प्रोग्रामचीही असेल, एकदा बघता का?" असं म्हणणारा पुरुष मी त्याआधी पाहिला नव्हता. लग्न केलं. पुढे कारखाना बंद पडला. मी दुकान काढलं, यांनी गणिताच्या शिकवण्या धरल्या, आणि ते संगणक आमच्याच काय, सगळ्यांच्याच घरांतून भंगारात गेले.

काही वर्षांपूर्वी यजमानांना झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ आणि घसा गेला. बोलायला गेले की नुसता घोगरा आवाज यायचा, लाळ गळायची आणि मग रडू फुटायचं. मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं, "समज शाबूत असावी." त्यातला 'असावी' तेवढा भेटायला येणाऱ्यांनी उचलला. डावा हात चालत होता, पण थरथरत. मी फोन आणून दिला. बोट टेकलं की एका अक्षराची चार अक्षरं, जरा घसरलं की समोरचं सगळं गायब, वरून कसल्या कसल्या सूचना. यांनी तो भिंतीवर फेकला. नणंद तेव्हा खोलीतच होती.

ती म्हणाली, "वहिनी, दादा गेलाय. अंग तेवढं उरलंय. तुम्ही अजून किती ओढणार?"

ती वाईट बाई नाही, हे इथे नोंदवते. घर विकून त्या पैशात दादाला चांगल्या शुश्रूषागृहात ठेवावं, असं तिचं म्हणणं. पण त्यासाठी यजमानांना स्वतःचं बरंवाईट कळत नाही असं ठरायला हवं होतं. तिने तसा अर्ज केला. डॉक्टरांच्या मंडळापुढे तपासणीची तारीख लागली.

त्याच सुमारास माझ्याकडे एक बाई आली. दातांची डॉक्टर, आणि रिकाम्या वेळात सोल्डरिंग करणारी. हल्ली हौशी लोक त्या जुन्या संगणकांच्या धर्तीवर नवे बोर्ड बनवतात. एकच हिरवी पाटी, मोजक्या चिपा, आराखडा सगळ्यांना खुला, डाग आपले आपण द्यायचे. तिने तसा एक जोडला होता आणि तो चालू होईना. तिचे डाग दृष्ट लागण्यासारखे होते. एक चिप तेवढी सॉकेटमध्ये उलटी बसली होती, ती तिच्या दैवाने जळली नव्हती. मी ती सरळ बसवली, जुना टीव्ही जोडला, आणि पडद्यावर कर्सर लुकलुकला.

मागून आवाज आला. यजमान चाकाच्या खुर्चीत बसले होते आणि त्यांचा डावा हात वर गेला होता.

मी म्हटलं, "अहो, हवंय?"

इतक्या महिन्यांत त्यांनी कशालाही मान हलवली नव्हती. ती हलवली.

दातांची डॉक्टर म्हणाली, "काकू, राहू दे इथेच. मी दुसरा मागवते."

पहिल्यांदा कळ दाबली तेव्हा इथेही तेच. हात थरथरून एकाची चार अक्षरं. मला रडू आलं. पण हे थांबले नाहीत. पुसत, परत मारत, ओळीमागून ओळ लिहीत गेले. मी वाक्य शोधत होते, ते सापडेना, आणि माझ्या मनात आलं, नणंदेचंच खरं दिसतंय. मग नीट पाहिलं. ते बोलत नव्हते. ते प्रोग्राम लिहीत होते. एक कळ दाबली की थोडा वेळ दुसरा दाब मानायचाच नाही, असा. या साध्या यंत्रात कळीपासून पडद्यापर्यंत सगळं आपल्या हातात असतं, आणि ते त्यांनी आपल्या थरथरीला पुरेल असं वळवून घेतलं. प्रोग्राम चालू केला. मग एकेक अक्षर नीट उमटलं. तेव्हा बोर्डाला इंग्रजी अक्षरंच येत होती, यांनी मराठी त्यांतच लिहिलं:

"रडतो ते दुःखाने नाही. आपोआप होतं. घाबरू नकोस."

तपासणीला मी बोर्ड आणि कीबोर्ड पिशवीत घालून नेले, टीव्ही रिक्षात. टेबलावर सगळं मांडलं तेव्हा मंडळातले एक म्हणाले, "हे खेळणं कशाला?" नणंद म्हणाली, "वहिनी आधीच भरून आणत असतील सगळं. त्यांना येतं ते." तिचा संशय रास्त होता. मोठ्या डॉक्टरांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी जिन्यापाशी कठड्याला धरून उभी राहिले. आत काय झालं ते मला नणंदेनेच मागाहून सांगितलं.

नणंद पाट्या रंगवते. दुकानांच्या, शाळांच्या, आयुष्यभर तोच धंदा. तिने विचारलं, "दादा, मी पहिली पाटी कोणाची रंगवली?"

यांनी वेळ घेतला. मग पडद्यावर आलं, "शिंप्याची. शिलाईतला ला गाळलास. ला मी घुसवला. बाबांना अजून माहीत नाही."

सासरे जाऊन किती वर्षं झाली. ती त्याच टेबलाशी बसून हसली आणि मग हुंदके देऊन रडली. यांनी डॉक्टरांकडे पाहून पुढे लिहिलं, "मी मुका आहे. वेडा नाही."

अर्ज तिने तिथेच मागे घेतला. दार उघडून मला म्हणाली, "वहिनी, आत या. दादा बोलावतोय." आणि लगेच, डोळे पुसत, "ती अक्षरं कसली हो? माझा भाऊ असल्या अक्षरांत बोलणार?"

तर, सदर हिरवा बोर्ड, त्याचा कीबोर्ड आणि टीव्ही हे यजमानांचे आहेत. मी ते देत नाही, त्यांचेच असल्याची नोंद करते. 'यापेक्षा नवं' आणून ते कोणी बदलू नये. तसेच जोडून तपासलेले जादा बोर्ड लोखंडी कपाटात आहेत.

कलम ४. नणंदेस.
तिने चौकडीच्या कागदावर ठिपके भरून आपली मराठी अक्षरं काढली. काना, वेलांटी, जोडाक्षरं, सगळी. क्ष तिने कितीदा खोडला ते मी पाहिलं. ती मी बोर्डात भरली. आता यजमान मराठीत मराठी लिहितात. त्या कागदांवर माझा हक्क नव्हता, ते तिला परत. शिवाय माझी शिलाई मशीन आणि उत्तरेच्या खिडकीतली आरामखुर्ची तिला. 'अंग तेवढं उरलंय' हे ती बोलली, ते मी विसरलेले नाही आणि मरेपर्यंत विसरेन असं वाटत नाही. वन्सं, ते माझ्याबरोबर जाईल. तुम्ही मागे ठेवू नका.

कलम ५. दुकान.
सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, ऑसिलोस्कोप, सुटे भाग, भिंग आणि बाक हे सर्व दातांच्या डॉक्टरला. तीच या मृत्युपत्राची व्यवस्थापक. दर रविवारी तिच्यामुळे दुकानात हौशी मंडळी जमतात. एक बस चालवतो, एक नर्स आहे, एक पेन्शनीत निघालेले न्यायाधीश ज्यांना अजून डागाला गरम किती करायचं ते कळत नाही. त्यांनी येत राहावं.

कळीच्या थरथरीचा प्रोग्राम आणि मराठी अक्षरं यांचा आराखडा मी खुला केला आहे. कुठल्याशा कंपनीचे एक गृहस्थ तो विकत घ्यायला आले होते. म्हणाले, "सुंदर खोक्यात बंद करून देऊ. उघडायची वेळच येणार नाही." मी म्हटलं, "उघडता येतं म्हणूनच तर माझा नवरा बोलतो." पुन्हा आले तर हेच सांगावं, चहा मात्र पाजावा.

कलम ६. बातमी.
मी आधी गेले तर ते यजमानांना कोणी टप्प्याटप्प्याने सांगू नये. 'गावाला गेली', 'दवाखान्यात आहे' असलं काही नको. समोर बसून, नजरेला नजर देऊन, एका वाक्यात सांगावं. ते रडतील. ते आपोआपचं की खरं, हे कोणी ठरवत बसू नये. मग टीव्ही लावावा, कीबोर्ड त्यांच्या डाव्या हाताशी सरकवावा आणि कोणीही उठून जाऊ नये. ते काहीतरी लिहितील. त्यांना वेळ लागतो. अर्ध्यावर ओळखून त्यांचं वाक्य कोणी पुरं करू नये. पूर्णविराम ते स्वतः देतात.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, यजमानांनाही वाचून दाखवला. त्यांनी शुद्धलेखन सुधारलं, बाकी हरकत घेतली नाही.

सही : (मृत्युपत्र करणारी)

आमच्या दोघांसमक्ष वरील सही झाली व आम्हीही तिच्यासमक्ष सह्या केल्या. यातले काहीही आम्हाला मिळणार नाही.

साक्षीदार : फॅमिली डॉक्टर (सही)
साक्षीदार : वाचनालयाच्या ग्रंथपाल, शेजारी (सही)

स्थळ : राहते घर, पुढची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर