ताई, मशीन तृप्त आहे

ओरुरो, मंगळवार

प्रिय फोर्तुनाताताईस,

तुझ्या सेवेरोचा वाकून नमस्कार आणि दोन्ही गालांवर एकेक मुका (डावीकडचा दोमितिलाकडून; बायको सध्या माझ्याशी बोलत नाहीये, पण तुझ्यावर तिचा राग नाही). गुडघा कसा आहे? इकीकेच्या समुद्राकाठी दमट हवेत राहायचं आणि गुडघ्याला बोल लावायचा, हे काही खरं नाही. सोबत वाळवलेल्या बटाट्यांची, आपल्या चुन्योची, पिशवी पाठवतोय. तिकडे मिळतात ते बटाटे वाळवलेले नसतात, नुसते म्हातारे झालेले असतात. फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आज मला बरीच वाक्यं पुरी करायची आहेत.

त्यातलं पहिलं हे, की तुझे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. गुरुवारी बसवाल्यानं खोकं आणून दिलं आणि त्यावर ‘लोखंडी पहाट, भाग नववा’ हे वाचून मी बसवाल्यालाच मिठी मारली. वीस वर्षं हा खेळ नुसता कॉम्प्युटरवर! आठ भाग आले नि गेले, पण घरच्या टीव्हीला जोडायच्या मशीनवर यायचं काही नाव घेईना. तुला आठवतं ना, कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आम्ही दोघे भाऊ, मी आणि वाल्तेर, शेजारी शेजारी बसायचो आणि बाबा हातात टोपीचा ब्रश घेऊन शोधत यायचे. या खेळात आपलं तोंड कधी दिसतच नाही, नुसते बंदूक धरलेले दोन हात दिसतात (माझ्या बाबतीत हे बरंच आहे, असं वाल्तेर म्हणायचा). आणि तोच वाल्तेर आज चार वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. बाबांना पुरताना त्यांची तपकिरी टोपी त्यांच्यासोबत द्यावी असं तो म्हणाला, टोपी आपल्या टोप्यांच्या दुकानातच राहील असं मी म्हणालो, आणि तो ब्युनोस आयरेसला गेला तो गेलाच. तू दोघांनाही एकेक मशीन पाठवलंस आणि चिठ्ठीत लिहिलंस, ‘रविवारी सेवेरोच्या घड्याळात चार, वाल्तेरच्या पाच. एकाच बाजूनं खेळा. बोलायचं नसेल तर नका बोलू, पण गोळ्या दुसऱ्यांना घाला.’ ताई, मी रडलो गं. दोमितिला म्हणाली, मी शेजारी कांदा चिरत होते म्हणून. चिरत असेल, पण माझं आधीच सुरू झालं होतं.

आता तूच सांग, नवी वस्तू आली आणि तिच्यावर दारू शिंपडून चाल्या न करताच वापरायला घेतली, असं आपल्या घरात कधी झालंय? ट्रकची झाली, फ्रिजची झाली, माझ्या कवळीचीसुद्धा झाली (थोडक्यात). धरतीमातेला, पाचामामेला, घोट न देता खेळायला बसलो असतो आणि रविवारी वाल्तेर आलाच नसता, तर तूच म्हणाली असतीस, सेवेरो, तू धरतीला उपाशी ठेवलंस. शिवाय दुसऱ्याच दिवशी महिन्याचा पहिला शुक्रवार, म्हणजे मुहूर्त आयता. मशीनला धर्मबाप हवा म्हणून आपल्या गल्लीतले इलारियोनकाका, बँडमधले ट्यूबावाले, त्यांना विचारलं. ते बिअरचा क्रेट घेऊनच आले. रंगीत फिती गुंडाळल्या, कागदाच्या टिकल्या उधळल्या, पहिला घोट जमिनीला दिला, इथवर सगळं रीतसर. दोमितिला म्हणाली, “काका, कोपऱ्यावर दोन थेंब पुरे. हे विजेवर चालतं.” काका म्हणाले, “अगं, ट्रक तरी विजेशिवाय चालू होतो का? त्याला मी दोन बाटल्या पाजल्यात. आणि हे बघ, याला वरून भोकं ठेवलीयेत. कारखान्यातले लोक काय वेडे आहेत?” ताई, खरं सांगतो, त्या वेळी मला ते पटलं आणि भोकांत ओतायला मीच बाटली पुढे केली.

मशीन चालू केलं. हिरवा दिवा लागला, आम्ही टाळ्या वाजवल्या. दिवा लाल झाला, आम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्या. मग आतून चर्र असा आवाज आला आणि गरम बिअरचा वास सुटला. काका डोळे पुसून म्हणाले, “तृप्त झालं बघ.”

पण मी हात टेकणाऱ्यातला नव्हे. शनिवारभर मशीन टोप्या वाळवायच्या कपाटात ठेवलं, मंद आचेवर, बिशपसाहेबांची टोपी ठेवतो तसं. दर तासाला दार उघडून बघत होतो. तीन टोप्यांना बिअरचा वास लागला (त्यातली एक गिऱ्हाइकानं मुद्दाम मागून नेली). रविवारी सकाळी मशीन खडखडीत कोरडं होतं आणि ठार मेलेलं होतं. दोमितिलानं बोलणं बंद केलं ते तेव्हापासून.

चार वाजायला दहा मिनिटं होती. माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र, वाल्तेर तिकडे टीव्हीपुढे बसलाय, घड्याळ बघतोय, आणि मी येत नाही. त्याला वाटणार टोपीचा राग अजून गेला नाही, आणि मग आणखी चार वर्षं. शेवटी मन घट्ट करून फोन लावला. म्हटलं, “वाल्तेर, आज मला यायला जमायचं नाही.” तो म्हणाला, “मलापण नाही.” झालं! माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, “ताईनं एवढी पदरमोड करून पाठवलं आणि तुला टीव्हीपुढे बसायला जड होतं होय रे?” तो ओरडला, “तू आलायस का, टोपीचोरा?” मी ओरडलो, “माझं मशीन गेलंय, गाढवा!” मग हळूच आवाज आला, “बिअर?”

म्हटलं, “बिअर. तुझं?”

“सिंगानी,” म्हणाला. “आमच्या शिवणखान्यात सगळी आपली ओरुरोची माणसं. प्रत्येकानं त्या द्राक्षाच्या दारूचा एकेक पेला ओतला. माझ्या मशीनमधून तर धूर निघाला.”

ताई, आम्ही असे हसलो, की दोमितिला धावत बघायला आली, कुणी गेलं की काय म्हणून. दोन तास बोललो. खेळात बसलो असतो तर ‘डावीकडे बघ’ आणि ‘वाक’ याच्यापलीकडे शब्द निघाला नसता. शेवटी त्यानं विचारलं, बाबांची टोपी आहे का अजून. म्हटलं, दर शनिवारी ब्रश मारतो. म्हणाला, कार्निव्हलला येतो, एकदा डोक्यावर घालून बघायचीय. हे सगळं तुझ्यामुळे झालं, ताई, आणि त्या दोन मशिनांमुळे, देव त्यांना सद्गती देवो.

तुझा जन्माचा ऋणी,
सेवेरो

ता. क. वाल्तेर पंधरा दिवस राहणार आहे. तूही ये ना. आणि येताना जमलं तर एक मशीन घेऊन ये (खेळाची तबकडी शाबूत आहे, ती खोक्यातून काढायची वेळच आली नाही). फक्त नवं आणू नकोस. आधी तिथेच महिनाभर वापर, दोन-चार ओरखडे पाड. चाल्या नव्या वस्तूची करतात, जुनीला कुणी बिअर पाजत नाही.

आणखी ता. क. वरचं मी मोठ्यानं वाचलं, तेवढी चूक झाली. इलारियोनकाका दुकानातच बसले होते. ते म्हणतात, वस्तू जुनी असली तरी घराला नवीच. त्यांनी दोन क्रेट सांगून ठेवलेत.

अगदी शेवटचा ता. क. तेव्हा मशीन राहू दे, ताई. तू ये. बाबा गेल्यापासून तुझं पाऊल या घराला लागलेलं नाही, म्हणजे तूही घराला नवीच, असं काकांचं ठरलंय. तुझ्यासाठी रुंद काठाची टोपी ठोकळ्यावर चढवली आहे, आधीच बसनं पाठवतो. ती घालूनच दारात उतर. भिजली तरी आकार सोडायची नाही.