लिंबाखालची सही

६ नोव्हेंबर, गुरुवार

पोस्ट ऑफिसची खिडकी उघडायच्या आधीच फोन. येलदरीच्या वरच्या अंगाला उंबरदरा, तिथला आमचा डाकसेवक कुंडलिक. सव्वीस वर्षांची नोकरी. "नाना, मला पुट ऑफ केलं." म्हणजे चौकशी होईपर्यंत काम बंद, पिशवी जमा. का, म्हणून विचारलं. "चूक माझीच हाय," म्हणाला आणि फोन ठेवला.

अकरा वर्षं संघटनेचा सचिव आहे. असे फोन पुष्कळ येतात. सगळे आधी सांगतात, मी काहीच केलं नाही. हा पहिलाच.

दुपारी आदेशाची प्रत हाती आली. रजिस्टर पत्र मागच्या आठवड्यात सोमवारी दिल्याची नोंद. पत्र घरी पोचलं गुरुवारी. मोबाइलच्या पडद्यावरची सही पत्र घेणाऱ्याची नाही, कुंडलिकनेच बोटाने ओढलेली. चौकशीत त्याच्या बाजूने सहायक म्हणून मी उभा राहतो, असं आजच लिहून दिलं.

९ नोव्हेंबर, रविवार

उंबरदऱ्याला गेलो. येलदरीपर्यंत बस, पुढे कुंडलिकच्या मोटारसायकलवर मागे. थंडी चांगलीच पडली आहे. कापसाची वेचणी चालू, गाव सगळं रानात.

गावाच्या अलीकडे वळणावर एक लिंब आहे, कडुलिंब. कुंडलिकने तिथे गाडी थांबवली. "हितं रेंज येती नाना. गावात एक काडी बी न्हाई." मग कसं चालतं ते त्याने स्वतःच सांगितलं. वाटपाची नोंद ठरल्या वेळेच्या आत वर गेली पाहिजे. गावात मोबाइल मुका. म्हणून तो रोज लिंबाखाली थांबतो, दिवसाची सगळी पत्रं 'दिली' म्हणून मारतो, सहीच्या चौकटीत बोटाने रेघ ओढतो, आणि मग गावात शिरून खरोखर वाटतो. सहा महिने असंच. कुणाचं काही अडलं नाही.

त्या सोमवारी एकच रजिस्टर होतं. किराणा दुकानवाले शिवलिंगअप्पा, त्यांच्या मुलीच्या नावे. घरचे सगळे देवगाव फाट्याकडे लग्नाला गेलेले, दाराला कुलूप. एरवी 'कुलूप' असा शेरा मारून पत्र परत न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. पण नोंद तर आधीच वर गेलेली, ती मागे घेता येत नाही. त्याने पत्र पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मोबाइल उघडला तर यादीत ते पत्र नाही, कारण मोबाइलच्या लेखी ते पोचलेलं. यादीतून गेलं ते डोक्यातूनही गेलं. गुरुवारी पिशवी झटकली तेव्हा सापडलं.

पत्र होतं परिचारिकेच्या जागेसाठी कागद तपासायला या, असं. बोलावल्याची तारीख आदल्या दिवसाची, बुधवारची.

अप्पांच्या दुकानात बसलो. कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज शांत. मुलगी सविता पोत्यावर बसून ऐकत होती. अप्पा म्हणाले, "कुंडलिकला घालवू नका साहेब. हिच्या बारशाच्या पत्रिका त्यानंच वाटल्या."

सविता म्हणाली, "मामा वाईट न्हाईत. पण माझं पत्र त्यांच्या पिशवीत तीन दिवस झोपलं. भरतीच्या ऑफिसात विचारलं तर म्हणतेत, सोमवारी तुमची सही हाय, आता काय करायलाव इथं."

तिला काय हवं, विचारलं.

"येवढंच लिहून द्या, की सोमवारी मला मिळालं न्हाई. मग ते पुन्हा बोलवतील. भरतीला बसायचं तिसरं वरीस हाय माझं. पुढच्या वर्षी वयात बसत न्हाई."

परतताना बसमध्ये डोळा लागला नाही. तिला हवी ती ओळ म्हणजे कुंडलिकवरचा आरोप जसाच्या तसा कबूल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ज्याची धास्ती होती तेच झालं. संघटनेच्याच मोबाइल गटावर कुणीतरी माझ्या मे महिन्यातल्या भाषणाची चित्रफीत पुन्हा टाकली, कौतुकाने. सेलूच्या मेळाव्यातली. घरी चहा घेताना पाहिली. आवाज चढलेला, हात वर. "रेंज देणं त्यांचं काम. ते देत नाहीत तोवर जिथे रेंज येईल तिथे नोंद मारा, आणि मग ताठ मानेने वाटा! यंत्र माणसासाठी आहे, माणूस यंत्रासाठी नाही!" टाळ्या थांबेनात.

पहिल्या ओळीत कुंडलिक बसलेला. तोही टाळ्या वाजवतोय.

सुमन, माझी बायको, मागे उभी राहून पाहत होती. म्हणाली, "बोलता मात्र छान." आणि कप घेऊन आत गेली. तिला उंबरदऱ्याचं सगळं सांगितलेलं आहे.

वाक्य चुकीचं नव्हतं. अजूनही वाटतं, नव्हतं. पण त्या वाक्यात सविता नव्हती. मी फक्त वाटणाऱ्यांसाठी बोललो, ज्यांना वाटायचं त्यांचा विचारच...

१३ नोव्हेंबर, गुरुवार

कुंडलिकचा लेखी जबाब वाचला. सगळं आहे. लिंब, कुलूप, कप्पा. माझं भाषण नाही. फोन करून विचारलं, हे का नाही लिहिलंस.

"ते कशाला लिवायचं नाना. तुमी सगळ्यांसाठी बोललाव. माझी पिशवी मी बघाय पायजे होती."

१६ नोव्हेंबर, रविवार

मासिक सभा. बावीस जण आले. इतर विषय भराभर उरकले. नवे सभासद, बदल्यांचे अर्ज, पूर्णा ऑफिसातल्या निरोप समारंभाचा हार कुणी आणायचा. मग कुंडलिक.

सहसचिव गजाननने तयारी केलेली होती. हुशार माणूस, माझ्यापेक्षा नियम जास्त पाठ. "सोप्पं हाय. अप्पांचा शेजारी सांगेल, सोमवारी पत्र माझ्यापाशी दिलं होतं, मी गुरुवारी पोचवलं. शेजाऱ्याकडे दिलं, एवढीच चूक राहती. समज देऊन सोडतील."

मी विचारलं, मग मुलीचं काय?

"मुलगी आपली सभासद न्हाई नाना."

दोघे-तिघे हसले. मी समोरचे कागद सरळ करत राहिलो. मी, ज्याला माइक हातात आला की थांबवावं लागतं.

मग मी भाषणाचं काढलं. म्हणालो, चौकशीत मी सांगतो, हे मीच सांगितलं होतं. पद्धत संघटनेची, एकट्या कुंडलिकची नाही. गजानन हळू बोलला, "म्हंजी उद्या सगळ्यांचे मोबाइल तपासतील. डोंगराकडचा एक तरी माणूस हाय का, जो लिंबाखाली मारत न्हाई? तुमी एकाला वाचवायला जाल, साठ जणांना उभं कराल." आणि मग, अगदी आदराने, "आन तुमची नोकरी बी जाईल, त्ये येगळंच."

ठराव झाला नाही. चहा झाला.

शेजाऱ्याची साक्ष मात्र मी नको म्हणून ठाम सांगितलं. गजानन म्हणाला, "बघू."

२० नोव्हेंबर, गुरुवार

सविताचा फोन. शेजारी तिच्या घरी येऊन गेला. बिचारा घाबरलेला. "माझ्यापाशी पत्र दिलं होतं असं सांगाय लागतंय म्हणतेत, सांगू का?" असं त्याने तिलाच विचारलं. ती रागावली नव्हती, ते जास्त लागलं. "तुमी पाठवलं का त्येला?"

नाही म्हणालो. विश्वास ठेवला की नाही, कळलं नाही.

गजाननला फोन करून बराच वेळ बोललो. नुसतं ओरडलो असं नाही. त्याचं म्हणणं: साठ घरं एका बाजूला, एक मुलगी दुसऱ्या बाजूला. आकड्यात तो बरोबर आहे. आयुष्यभर मी व्यासपीठावरून सांगत आलो की माणसं आकड्यात मोजू नका. ते कुणाला सांगत होतो?

शेवटी म्हणाला, "ठीक हाय, शेजारी येणार न्हाई. पण तुमी बी तोंड उघडू नका."

२३ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर घरी. निवेदन लिहून पाहिलं. पहिला मसुदा भाषण झाला, फाडला. दुसऱ्यात मी फार थोर दिसायला लागलो, तोही फाडला. तिसरा चार ओळींचा. मे महिन्यात मी असं सांगितलं. कुंडलिकने तसं केलं. सोमवारी पत्र पोचलं नाही. गावात रेंज नाही.

सुमनला वाचून दाखवला. "ही चार वाक्यं तेव्हा बोलला असतात तर टाळ्या नसत्या पडल्या," म्हणाली. आणि मग, "द्या तुम्ही. माझं काय अडत नाही." अडतं. तिलाही माहीत आहे, मलाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

चौकशी. छोटी खोली, दोन टेबलं, पंखा बंद. चौकशी अधिकारी बाहेरच्या जिल्ह्यातले, सभ्य, कमी बोलणारे. कुंडलिक इस्त्रीचा सदरा घालून आलेला. मी त्याच्या शेजारी.

त्याने सगळं कबूल केलं. सोमवारी पत्र दिलं नाही, सही मी ओढली. कारकुनाने उतरवून घेतलं. म्हणजे सविताची ओळ कागदावर आली. त्या ओळीची प्रत तिला मिळावी म्हणून मी तिथेच अर्ज दिला, साहेबांनी ठेवून घेतला. नक्कल देता येईल का ते बघतो, म्हणाले.

मग त्यांनी कुंडलिकला विचारलं, "असं करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं का?"

"न्हाई साहेब."

मी उठलो. खिशातल्या निवेदनावर हात गेला. कुंडलिक मान न वळवता म्हणाला, "बसा नाना."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. सगळं समजल्यासारखं. म्हणाले, "तुम्ही यांचे सहायक आहात. साक्षीदार व्हायचं असेल तर ती खुर्ची सोडावी लागेल, यांना दुसरा सहायक घ्यावा लागेल. दोन्ही जमणार नाही. पुढच्या तारखेला सांगा." तारीख दहा डिसेंबरची पडली.

दुसरा सहायक म्हणजे गजानन. तो आधी कुंडलिकला कबुली फिरवायला सांगेल. मी शेजारी बसून राहिलो तर ती ओळ टिकते, पण कुंडलिक एकटा बुडतो. समोर गेलो तर...

बसस्टँडवर त्याला सोडायला गेलो. जिंतूरची गाडी लागलेली, माणसं खिडकीतून पिशव्या टाकून जागा धरत होती. त्याला कसलीच घाई नव्हती. त्याने विचारलं, "पुढच्या टायमाला कुठं बसणार नाना? माझ्या बाजूला, का समोर?"

तू सांग, म्हणालो.

"मला काय इचारता. सव्वीस वर्षं मी दुसऱ्याचा निरोप पोचवायलोय. ह्यो तुमचा हाय."

गाडीत चढला. त्याला जागा मिळाली नाही. दाराजवळच्या दांड्याला धरून तो उभा होता, गाडी वळेपर्यंत.