धुऱ्यावरची हराळी

माय, बाबांचा घोळणा पुन्हा फुटायला लागला आहे. आपल्या तालुक्याच्या, मालेगावच्या डॉक्टरने नाकात बोळा घातला, रक्तदाबाच्या गोळ्या बदलून दिल्या, चार दिवस बरे गेले. परवा दुपारी वावरातल्या गोठ्यापाशी बाजेवर बसल्या बसल्या त्यांचा सदरा पुढून लाल झाला. मी ओलं फडकं घेऊन धावले, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला. म्हणाले, "हराळी आन. तुही माय पिळे तशी पीळ नाकात." मी बघतच राहिले. तू गेल्यापासून या माणसाच्या तोंडून हराळीचं नाव शिवीशिवाय निघालेलं मी ऐकलं नव्हतं.

तुझं या गवताशी वैर होतं आणि मायाही होती. भर उन्हात तू वावरात बसली आहेस, कुदळीने हराळीच्या काशा, मातीतली मुळं, खणते आहेस, एक काशी राहिली तर पावसाळ्यात सगळं वावर खाईल म्हणून पुटपुटते आहेस. मी उत्साहाने वावराच्या बांधावर, धुऱ्यावरही कुदळ मारते आणि पाठीत धपाटा बसतो. "वावरातली खोद. धुऱ्यावरचीले हात नोको लावू. ते हाय म्हनून धुरा हाय." गायीचा संध्याकाळचा भारा त्याच धुऱ्यावरचा, गणपतीची जुडी तिथलीच, आणि माझं नाक फुटलं की पदरात धरून पिळलेले ते तुरट थेंबही तिथलेच.

त्याच धुऱ्यावर भारा कापताना तुला पान लागलं. घोणस होती म्हणतात, कुणी पाहिली नाही. वाशीमला पोचेपर्यंत तू राहिली नाहीस. तुझ्या मुठीत कापलेलं गवत तसंच होतं, बोटं मीच उघडली. तेरवी झाली आणि बाबा आगपेटी घेऊन वावरात गेले. धुरा काळा झाला, पावसाळ्यात पुन्हा हिरवा झाला. मग तणनाशक आलं. तेव्हापासून दर पावसाळ्यात ते पाठीला पंप लावून धुराच मारत सुटले, नाकातोंडाला फडकंही न बांधता. मी म्हणायचे, "बाबा, धुरा वाहून जाईल." ते म्हणायचे, "जाऊ दे. इनंच तुह्या मायले खाल्लं." आणि धुरा गेलाच, माय. दर पावसात त्याचा लचका नाल्यात पडतो, सोबत वावरातली चांगली माती जाते. मला त्यांचा राग येतो, अजूनही येतो. पण साप त्यांना सापडला नाही, गवत सापडलं. हात रिकामे ठेवून बसणारा माणूस नाही तो.

तर मी हराळी शोधायला निघाले. आपला धुरा उघडाबोडका. शेजाऱ्यांचे पिवळे पडलेले, सगळ्यांनीच फवारलेलं. सडकेच्या कडेचं गवतही करपलेलं. असलं विष नाकात कसं पिळायचं? शेवटी पाय मसणवट्याकडे वळले. तिथे कोण फवारणार? तुला जिथे अग्नी दिला, त्या बाजूला दाट हराळी माजली आहे. मसणातली वस्तू घरी आणू नये, हे तूच शिकवलेलं. मी काशांसकट मूठभर उपटली आणि विहिरीवर चोळून चोळून धुतली.

थेंब पडले आणि रक्त हळूहळू थांबलं. गोळ्यांनी थांबलं की हराळीने, त्यावर मी वाद घालणार नाही. बाबांनी विचारलं, "कुठची हाय?" मोतीबिंदूने त्यांना आता बाजेपलीकडचं धड दिसत नाही. मी म्हटलं, "आपल्याच धुऱ्यावरची." मला वाटलं, रडतील. त्यांनी फडक्याने ओठ पुसले आणि म्हणाले, "अजून जित्ती हाय? सकाळी पंप भर."

सकाळी मी पंप भरला. पाठीला लावला आणि उघड्या धुऱ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत मारत गेले. बाबा बाजेवरून पंपाच्या आवाजाकडे तोंड करून बसले होते. "कोपरा सोडू नोको," ओरडले. मी म्हटलं, "नाही सोडत."

तुला लिहिलेले हे कागद कुठे टाकणार? चुलीतच जातील. पण एक तुला सांगून ठेवते. उरलेल्या काशा मी उजाडायच्या आधीच धुऱ्यात पुरल्या होत्या, आणि पंपात नुसतं विहिरीचं पाणी होतं.