सुटकेनंतरची तीनशे पानं

४ एप्रिल, सकाळ
वाचक मंडळाची कादंबरी एकदाची माझ्याकडे आली. मंडळाची पद्धत अशी: प्रत एकच, ती घरोघरी फिरते. प्रत्येकाने समासात पेन्सिलीने मतं लिहायची आणि शेवटी ज्याच्याकडे येईल त्याने भाषण करायचं. शेवटचा मी. भाषण दणक्यात झालं तर पुढचा अध्यक्षही मीच. सध्याचे अध्यक्ष दाताचे डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून स्वतःच बोलायची सवय. संकल्प: रोज तीस पानं.

५ एप्रिल
नऊ पानं. विषय गुलामगिरी. नायिका गुलाम, आणि तिची सुटका पाचव्याच पानावर! मग पुढची तीनशे पानं कशाला? सुटली, विषय संपला. लेखकाला कोणी शहाणा माणूस भेटला नसावा.

८ एप्रिल
पान एकेचाळीस. सुटून तीस वर्षं झाली तरी ही बाई उभ्यानेच जेवते. घरात स्वतःची खुर्ची असून! शुद्ध अतिशयोक्ती. असं कोणी करतं का, म्हणून ताईला विचारलं. ती ओट्याशी उभी राहून जेवत होती. म्हणाली, काय माहीत. तिला तरी साहित्यातलं काय कळणार!
नोंद असावी: ताई माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर आठ दिवसांसाठी म्हणून आली, त्याला एकोणीस वर्षं झाली. मी एका शब्दाने कधी बोललो नाही. मी आणि बायको दोघंही नोकरीवर, त्यामुळे घरातलं सगळं तीच बघते. तेवढाच तिचा वेळ जातो.

११ एप्रिल
ऑफिसात बदल्यांच्या फायली. वाचन शून्य. पण तोडगा सापडला: कादंबरी कशाला, समासच वाचावेत. दंतवैद्यांची नुसती उद्गारचिन्हं. निवृत्त सर्व्हेअरचं पानोपानी ‘छान’. गाढवाला गुळाची चव काय! पण साठाव्या पानापासून एक बारीक, बिनसहीचं अक्षर लागतं. ‘घंटा बंद झाली, तरी पाचला डोळे उघडतात. मालक गेला, घंटा राहिली.’ वा! मीही हेच लिहिलं असतं.

१५ एप्रिल
बिनसहीच्या टिपा वाढल्यासारख्या वाटतात. काल दीडशे पानांपर्यंत होत्या, आज दोनशेच्या पुढे. माझीच नजर चुकली असणार. पुस्तक स्वयंपाकघरात सापडलं. ताईला झापलं, तेलकट हात लावू नकोस. म्हणाली, धुऊन घेतले होते.
सही नाही म्हणजे टिपा बेवारस. बेवारस मालावर सापडेल त्याचा हक्क. आजपासून त्या माझ्या.

२० एप्रिल, रविवार, सकाळ
संध्याकाळी भाषण. आरशासमोर तालीम चालू असताना ताई दारात येऊन उभी. म्हणाली, उद्या जाते आहे. मी म्हटलं, जा की, चार दिवस राहून ये. जाण्याआधी निळ्या शर्टाला इस्त्री कर. मग विचारते, पुस्तक वाचून झालं का? म्हटलं, केव्हाच. शेवटचं पानही? शेवटचं पानही. ती जरा वेळ तशीच उभी राहिली, मग इस्त्री लावायला गेली. बायकांना मुद्द्याचं बोलताच येत नाही.

२१ एप्रिल
जिंकलो! घंटेच्या टिपेला सर्व्हेअरने डोळे पुसले. ‘विकत घेतलेल्याला निदान कळतं, आपण विकले गेलो. आश्रिताने सुटका मागायची कोणाकडे?’ यावर टाळ्या. एका बाईंनी विचारलं, पुरुष असून इतकं आतलं कसं सुचलं? म्हटलं, निरीक्षण. अध्यक्षपद माझ्या खिशात.
ताई सकाळी गेली. चार दिवसांसाठी दोन बॅगा कशाला लागतात, देव जाणे.

२८ एप्रिल
ताईचा पत्ता नाही. चहा दोनदा उतू गेला. चुरगळलेल्या शर्टाने ऑफिस. बायको म्हणते, मलाही नोकरी आहे. एकोणीस वर्षं आसरा दिला, साधा फोन नाही. लोकांना केल्याची जाणीव नसते.

२ मे, दुपार
सचिवांचा फोन: पुस्तक परत करा, आणि शेवटच्याने सगळ्या टिपा खोडून द्यायच्या असतात. होणाऱ्या अध्यक्षाच्या हाती खोडरबर! बसलो. उद्गारचिन्हं खोडली, ‘छान’ खोडले, घंटा खोडली. शेवटच्या पानावर, खाली, तेच बारीक अक्षर:
‘पुस्तक संपलं. शिवणशाळेत शिकवायचं काम मिळालंय, राहायला खोलीही. तुझ्या तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून इथे लिहिते. इथपर्यंत वाचलंस तर एकदाच विचार, ताई, का जातेस? विचारलंस तर राहीन.’
ताईचं अक्षर असं असतं, हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळ
बायकोला खोलीचा पत्ता विचारला. तिला माहीत आहे. म्हणाली, कशाला हवाय? वन्संना विचारायला, की शर्टांना इस्त्री करून घ्यायला?
विचारायला, असं ठणकावून सांगितलं. तिने पत्ता दिला नाही. ही वही दुसरं कोणी वाचत नाही म्हणून लिहितो: आधी शर्टच आठवले होते.