आत्याचा चौकोन

ती. अंबिकाआत्याच्या पायाशी लातूरहून रुद्राणीचा शिरसाष्टांग नमस्कार (कॉम्प्युटरपुढं बसून कंबर धरलीय, म्हणून पत्रातूनच. फोनवर तू मला बोलू कुठं देतेस?). तुझा गुडघा बरा असावा, म्हैस त्याहून बरी असावी. इथं सगळे मजेत. मीसुद्धा, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत दुसऱ्यांदा आपटूनही. अप्पा तेवढे क्लासच्या रिपीटर बॅचची चौकशी करताहेत. माझं म्हणणं, क्लास पुरे, मला व्हिडिओ गेम बनवायचेत.

एका संस्थेनं कामही दिलंय: शाळेच्या पोरांसाठी भूकंपाचा गेम. त्यात एक काकू आहे. तिनं कधी काय करायचं, हे पडद्यावर चौकोन काढून, बाणांनी जोडून ठरवायचं (रांगोळीच, फक्त बोटं पांढरी होत नाहीत). वरचा चौकोन संपल्याशिवाय खालच्याला कुणी विचारत नाही. काकू म्हटल्यावर मला तूच दिसलीस. म्हणून सगळ्यात वर घातलं: घरी पाहुणा असेल तर चहा दे, उठला तर 'बसा की' म्हण, नको म्हणाला तर अर्धा कप तरी पाज. भूकंप आला तर बाहेर पळ, हा चौकोन त्याच्या खाली.

मोठ्या ऐटीत अप्पांना गेम दाखवायला बसवलं. जमीन हलली, मांडणीवरची भांडी पडली, भिंत गेली आणि काकू म्हणतेय, "अर्धा कप तरी घ्या की." पाहुणाही आपल्याकडचाच, तीनदा नको म्हटल्याशिवाय घेईना. छत खाली आलं तेव्हा त्याचं बशीत ओतणं चालू होतं. माझं तोंड उतरलं. झालं, रिपीटर बॅच पक्की! पण अप्पा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. "ही तर आपली अंबिकाच हाय की! त्र्याण्णवला समदी गल्ली बाहेर, अन् ही चहाचं पातेलं आणाया पुन्हा आत. म्याच दंडाला धरून ओढली." मग डोळे पुसले. "लेकरांना हे शिकवाया पाहिजे," म्हणाले आणि दुकानात गेले. हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. मला फार बरं वाटलं.

तुझीच भाची,
रुद्राणी

ता. क. : भूकंपाचा चौकोन आता सगळ्यात वर नेलाय. काकू पळते, पाहुण्याचा दंड धरून.

आणखी ता. क. : खरं काम हे. बॅचमध्ये नाव सोमवारी घालायचंय. रविवारी अप्पांना रेणापूरला चहाला बोलाव. तुझ्या घरातून 'हो' म्हटल्याशिवाय उठलेला माणूस मी अजून पाहिला नाही. माझ्या गेमला हो म्हणेपर्यंत त्यांना उठू देऊ नकोस.

भूकंप झाला तर मात्र दोघं आधी बाहेर या. पातेलं राहू दे.