पान एकोणतीसवरची पेन्सिल

दौंड,
रविवार, १८ मे

प्रिय धम्मदीप,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. सणसवाडीतल्या तुझ्या खोलीचा पत्ता वच्छलामावशींकडून घेतला. "माझा पोरगा मलाच फोन करत न्हाई, तुला काय उत्तर देनार," असं त्या म्हणाल्या. फोन मी मुद्दाम केला नाही. फोनवर तू हसून विषय बदलतोस.

आप्पांचं सर्व्हिस मॅन्युअल तू स्कॅन करायला नेलंस त्याला सव्वादोन वर्षं झाली. "आठ दिवसांत आणून देतो, आप्पा," असं तू दुकानाच्या दारात म्हणालास, तेव्हा मी आतच सोल्डरिंग करत होते. एकाच अॅम्प्लिफायरचं बासष्ट पानांचं पुस्तक. आप्पा पुण्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होते तेव्हापासूनचं. एकतीस पानांवर त्यांची पेन्सिल होती. कुठे बोर्डाला तडा जातो, कुठला स्क्रू आधी काढायचा, दौंडला दुपारी लाइट १९० व्होल्टवर आली की कुठले आकडे खरे धरायचे नाहीत. डिप्लोमाला असताना तू आणि मी अॅम्प्लिफायर शिकलो ते त्या पेन्सिलीवरून, कॉलेजच्या नोट्सवरून नाही.

तुझी पीडीएफ मी इंटरनेटवर पाहिली. दोन हजारांवर लोकांनी ती उतरवून घेतली आहे. खाली तू लिहिलं आहेस: 'जुन्या मालकाचा गचाळपणा काढून पानं नव्यासारखी केली.' जुना मालक. आमच्या घरी तू किती वर्षं जेवलास ते मी इथे लिहीत नाही, पण त्या माणसाला नाव आहे आणि ते तुला माहीत आहे.

आता पान एकोणतीस. तिथे बायसचा, म्हणजे आवाज नसतानाही आत वाहत्या ठेवायच्या करंटचा, आकडा ४५ मिलिव्होल्ट छापला आहे. ती छपाईची चूक होती. पुढे कंपनीने दुरुस्तीचं पत्र काढलं, तेव्हा आप्पांनी ४५ वर काट मारून शेजारी १५ लिहिलं आणि खाली तारीख घातली. पीडीएफमध्ये तू ते सगळं पुसलंस. सॉफ्टवेअरने डाग समजून पुसलं असेल, असं मी आधी धरून चालले होते. मग पान मोठं करून पाहिलं. काट चारच्या अंगावरून गेली होती, म्हणून तू दुसऱ्या पानावरचा चार उचलून तिथे बसवला आहेस. त्याचं टोक वेगळं आहे. म्हणजे तू ती जागा नीट पाहिली होतीस. शेजारचा पंधरा तू वाचला होतास.

मागच्या दिवाळीत आप्पांना झटका येऊन गेला. हात सावरला, पण नावं अडकतात. समोरच्या चहावाल्याला ते महिनाभर 'अहो' म्हणत होते. आकडे मात्र शाबूत होते. "नावं गेली तर जाऊंद्या, लोक आपली सोता सांगत्यात," असं ते आईला म्हणायचे. त्याच भरवशावर त्यांनी दुकान पुन्हा उघडलं.

एप्रिलमध्ये शिरूरहून तात्याबा आले. बिरदेवाच्या ओव्यांच्या कॅसेटी ऐकणारे, अॅम्प्लिफायर धोतरात गुंडाळून एसटीने आणणारे. तू त्यांना पाहिलं आहेस. दुरुस्ती झाली की आप्पा गिऱ्हाइकाला मशीनसोबत येणाऱ्या माहितीपुस्तकातली पहिली दोन पानं मराठीत वाचून दाखवतात: वरची जाळी झाकू नये, आवाज शून्यावर आणून मगच चालू करावं. तात्याबा दर वेळी म्हणतात, "बन्सीआप्पा, माझ्या लग्नात भटजीनं बी एवढं वाचलं न्हाई." या वेळीही म्हणाले आणि आप्पा हसले. वाचन आधी झालं, कारण फक्त बायस लावायचा राहिला होता.

मला सुट्टी होती. आप्पांचं बोट त्या बारीक स्क्रूवर ठरत नाही, म्हणून स्क्रू ड्रायव्हर मी घेतला. आप्पा म्हणाले, "पंधरा. पंधरावर ठिव." मी मोबाईलवर तुझी पीडीएफ उघडली होती. मी म्हणाले, "आप्पा, पुस्तकात पंचेचाळीस आहे." ते थांबले. कपाळ चोळलं. मग म्हणाले, "आसंल मग." मी पंचेचाळीसवर लावलं. कुरकुंभला कारखान्यात रोज प्रेशरचे ट्रान्समीटर तपासणारी मी. ४५ भागिले ०.२२ ओहम म्हणजे दोनशे पाच मिलिअँपिअर, ठेवायला हवा त्याच्या तिप्पट करंट. एवढा भागाकार मी केला नाही, पेन्सिलीतला पंधराही तेव्हा आठवला नाही. बाहेर बेचाळीस डिग्री होतं. स्पीकर जोडून तात्याबांची कॅसेट लावली. एक ओवी पुरी झाली, दुसरीच्या मध्यावर अॅम्प्लिफायरमधून धूर आला आणि स्पीकरही जळाला.

त्या दिवसापासून दुकान बंद आहे. आप्पांनी मीटर कपाटात ठेवला. गॅस बंद केला का ते आईला तीनदा विचारतात. स्टेशनकडे एकटे जात नाहीत. तात्याबा आठवड्याने भेटायला आले, "अवो, मशीन मेलं, तुमी कशापायी मेल्यावानी बसलाय?" म्हणाले. आप्पा उठून आत गेले. मी कंपनीचं ते दुरुस्तीचं पत्र एका परदेशी माणसाकडून मिळवलं आणि त्यांना दाखवलं. बघा आप्पा, पंधराच बरोबर होतं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग म्या तुला पंचेचाळीस का सांगितलं?"

हे पत्र मी त्या प्रश्नासाठी लिहिते आहे. धूर निघाला तेव्हा तात्याबांनी विचारलं, काय झालं. मी उत्तर द्यायच्या आत आप्पा म्हणाले, "माझ्या तोंडून आकडा चुकला आसंल." मी गप्प बसले. तात्याबांसमोर मला 'चूक माझी' म्हणता आलं नाही, एवढंच कारण आहे. त्या गप्प बसण्यातून आप्पांना पक्कं झालं की पंचेचाळीस त्यांनीच सांगितलं, आणि आता त्यांना स्वतःची कुठलीच आठवण खरी वाटत नाही. येत्या रविवारी मी त्यांना खरं सांगणार आहे. पण नुसतं मी सांगितलं तर पोरगी आपल्यासाठी स्वतःवर घेते आहे असं समजून ते माझ्या डोक्यावरून हात फिरवतील, आणि तो हात मला सहन होणार नाही. त्यांना त्यांचं स्वतःचं अक्षर दिसायला हवं. पुस्तक पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये. पान एकोणतीस तू त्यांच्या हातात दे आणि त्यातलं काय पुसलंस ते त्यांना तोंडाने सांग. तुझं सांगून झालं की मी सांगेन.

तुझ्यासोबत शिकलेली,
माया