विरजण ठेवलं न्हाई

१९ जाने., सोम.
आईला केजच्या दवाखान्यातून घरी आणलं. ताप उतरला, पण गोळ्यांनी पोट पार बिघडलं. डॉक्टर म्हणले, "औषधानं पोटातले चांगले जंतूपण मेलेत. मीठ-साखरेचं पाणी चालू ठेव, पेज दे, अन् पातळ ताक. ताजं, लोणी काढलेलं. आंबट अजिबात नको." शुक्रवारपर्यंत फरक न्हाई पडला तर बीडला भरती.
आण्णा ऊसतोडीवर, लांब. वस्तीवर आमचं अन् शेजारच्या वै.चं घर सोडलं तर सगळ्यांना कुलपं. गाय हाय, दूध हाय, पण आई दवाखान्यात होती तोवर घरातलं विरजण नासून गेलं. वै.कडं मागायला गेलतो. (दुसरं घर उघडं असतं तरी तिथंच गेलो असतो.)
वै. म्हणली, "दूध कोमट कर. करंगळीला सोसलं पायजे. घाई करू नको, तुझी सवयच हाय ती. अन् दिवे लागायच्या आत येत जा, नंतर माझी आई विरजण देत न्हाई."
वाटी घेताना बोट लागलं. तिनं काढलं न्हाई लवकर.

२० जाने.
दही लागलं! घुसळलं, लोणी काढलं, भाजलेलं जिरं, चिमूटभर मीठ. आईनं अर्धा पेला घेतला. टिकला. दुपारी पेज पण टिकली. स्वतः उठून चुलीपर्यंत आली.
दोन चमचे बाजूला ठेवायचे असतात, माहीत होतं. ठेवले न्हाईत. तेवढं दही मीच भाकरीसोबत खाल्लं. मुद्दाम.
संध्याकाळी वाटी घेऊन वै.च्या दारात. "कालचं कुठं गेलं? गिळलंस का?" हसत होती. दिलं.

२१ जाने.
आजही ठेवलं न्हाई. संध्याकाळी गेलो तर दारात वै.चा भाऊ गणेश.
"रोज रोज वाटी घेऊन कावून येतो बे? कॉलेज सोडलंस, आता दही लावायची अक्कल पण सोडली का?"
कॉलर धरली त्याची. वाटी गडगडत गोठ्यापर्यंत गेली. काकू, वै.ची आई, ओरडल्या, "आई घरात पडलीय अन् तू मारामाऱ्या करतोस? परत पाय ठेवू नको इथं." दार लावून घेतलं. वै. आतच होती.
घरी आलो तर दिवेलागण झालेली. दूध तापवून ठेवलेलं. त्यात घालायला काहीच न्हाई.

२२ जाने., गुरु.
नांदूरघाटात जाऊन हॉटेलातलं दही आणलं. जिभेवर आंबट लागलं तरी वाटलं, पाणी घालू, चालेल. न्हाई चाललं. आई दिवसभर ओकतीय. हात गार. डोळे आत गेलेत.
"आण्णाला सांगू नको, काम टाकून येतील." मग थोड्या वेळानं, "विरजण कावून ठेवलं न्हाईस रे?"
बाहेर जाऊन गायीपाशी उभा राहिलो.
हापशावर वै. आली. माझ्याकडं न बघता घागर भरत बोलली. "वाळल्या मिरच्यांचे देठ टाक कोमट दुधात. पहिलं लागंल ते तारेचं असतंय, पाजू नको. त्यातलं चमचाभर घेऊन दुसरं लाव."
म्हणलं, वै., ऐक ना...
"तू मुद्दाम संपवायचास, कळत होतं मला. मी पण गप बसले. आता मलाच भ्याव वाटतंय. रविवारी मला बघायला यायलेत. तू काही करू नको."
घागर डोक्यावर घेऊन गेली.

२३ जाने., शुक्र.
देठाचं लागलं. सैल, चिकट, पण लागलं. त्यातलं चमचाभर दुसऱ्या दुधात. भांडं आण्णाच्या घोंगड्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत ठेवलं. हलवायचं न्हाई. दहा वेळा हात लावून बघावं वाटतंय.
डॉक्टरला फोन. "मीठ-साखरेचं पाणी चमच्या-चमच्यानं पाज. लघवी होते का बघ. सकाळपर्यंत थांबू, त्याआधी बंद झाली तर थेट बीड." सकाळी ये म्हणून जीपवाल्याला सांगून ठेवलं.
लघवी झाली, पण थोडीच. आईचा श्वास ऐकत बसलोय. जरा लांबला की माझाच थांबतो.
तिनं म्हणलंय काही करू नको. गणेशला पण काही करणार न्हाई. आई, तू फक्त...

२४ जाने., शनि., सकाळ
घोंगडं सोडलं. लागलं. घट्ट, गोड.
आधी दोन चमचे वेगळ्या वाटीत काढले, झाकून फळीवर ठेवले. आता त्या घराकडं जायला कारण उरलं न्हाई.
ताक केलं. आई तीन घोट प्याली, डोळे मिटून बसलीय. घमेलं हातात धरून मी समोर. तिच्या गळ्याकडं बघतोय.
जीप दारात. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.
आईनं हात वर केला. "थांब जरा म्हणाव त्याला."